वीज गेली तरी हिशेब चालू

कणकवलीत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. तरीही इथल्या संगणकावर ताऱ्यांचं गणित खुशाल सोपवता येतं.

मोठ्या संशोधनाची आकडेमोड आज एका जागी होतच नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत कणांच्या टकरी होतात. त्यांची माहिती चाळीसहून अधिक देशांतल्या सुमारे १७० केंद्रांत वाटून घेतली जाते. मुंबईत कुलाब्याची टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, हे त्यांतलंच एक केंद्र. २०१२ साली हिग्ज बोसॉन हा कण सापडला, त्यामागे हे जाळं होतं. लावणीला सगळी वाडी सावडीने एकेकाच्या शेतात उतरते, तसा हा संस्थांचा व्यवहार.

मला जास्त मोलाची वाटते ती याच कल्पनेची घरापर्यंत आलेली फांदी. २००५ साली सुरू झालेला ‘आइनस्टाइन अ‍ॅट होम’ हा प्रकल्प गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळांच्या आणि रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींत न्यूट्रॉन तारे शोधतो. ‘बॉइंक’ हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं की सर्व्हर कामाचा छोटा तुकडा धाडतो. संगणक मोकळा असताना तो सोडवला जातो आणि काम कुठवर आलं ते अधूनमधून डिस्कवर नोंदलं जातं. वीज गेली, तर परत आल्यावर शेवटच्या नोंदीपासून पुढे. नेट लागतं ते तुकडा घेताना आणि उत्तर पाठवताना. तोच तुकडा आणखी कुणाकडे तरी गेलेला असतो. दोन उत्तरं जुळली तरच ती धरतात, नाहीतर तिसऱ्याला विचारतात. मुदत टळली, तर काम दुसऱ्याकडे. कुठलाही एक संगणक बेभरवशाचा असू शकतो, हे इथे आधीच गृहीत धरलेलं आहे.

२०१० मध्ये याच प्रकल्पात अरेसिबो या रेडिओ दुर्बिणीच्या २००७ सालच्या नोंदींतून सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा पल्सार, म्हणजे फिरता न्यूट्रॉन तारा, सापडला. तो हेरला अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या माइंत्स शहरातल्या एका माणसाच्या संगणकांनी.

हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. ती सुरू झाली की नोंदींची भर पडेल, आणि चाळणाऱ्या हातांची गरजही वाढेल. आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांतले संगणक तास संपल्यावर नुसते पडून असतात, ते यात उतरावेत असं मला मनापासून वाटतं. प्राचार्यांची परवानगी आधी घ्यावी. वीजबिल थोडं वाढतं, यंत्रं तापतात. म्हणून बॉइंकच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या वापरावर मर्यादा घालावी आणि पहिले काही दिवस एकाच संगणकावर चालवून बघावं.