तोरण कशाचं बांधायचं?

(माजलगाव इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय घरगुती आहे. सणाची सजावट घरच्या घरी आणि रानातल्या वस्तूंपासून कशी करायची, एवढंच सांगायचं आहे. पण आधी बाजारातलं एक चित्र डोळ्यांपुढं आणा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी झेंडूचा ढीग लावून बसलेला असतो आणि त्याच्या शेजारच्याच दुकानात प्लास्टिकच्या झेंडूची तोरणं टांगलेली असतात. दसऱ्याच्या दुपारनंतर झेंडूला गिऱ्हाईक राहत नाही. उरलेला माल परत न्यायला गाडीभाडं परवडत नाही, म्हणून तो तिथंच पडतो. आणि गावात शिरून बघा, ज्यांचं पोट शेतीवर आहे त्यांच्याही दाराला प्लास्टिक लटकलेलं दिसतं.

लोक म्हणतात, प्लास्टिकचं तोरण धुऊन पुढच्या वर्षी परत लावता येतं. खरं आहे. दोन-तीन वर्षं लावता येतं. मग त्याचा रंग उडतो आणि ते उकिरड्यावर जातं. उकिरडा शेतात जातो, तिथं ते नांगराला अडकत राहतं. राज्य सरकारनं 23 मार्च 2018 ला प्लास्टिक-थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली, सजावटीचं थर्माकोल त्यात आलं. पण कायद्यानं एक वस्तू बंद होते, तिच्या जागी काय करायचं हे कायदा शिकवत नाही. ते हातांनाच यावं लागतं, आणि आपल्याकडचे ते हात आता म्हातारे होत चाललेत. म्हणून हा विषय.

रानातल्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारायचे. कधी तोडायची? कशी टिकवायची? सण झाल्यावर ती कुठं जाणार? या तिन्हींची उत्तरं आली की सजावट जमली.

आंब्याच्या पानापासून सुरू करू. तोरणाला आंब्याचंच पान का? ते जाड असतं, वरून मेणचट असतं, त्यामुळं आतलं पाणी लवकर उडत नाही. पिंपळाचं किंवा जांभळाचं पान लावून बघा, फरक कळेल. पण आंब्याचीही कोवळी, तांबूस पानं घेऊ नका, दुपारपर्यंत माना टाकतात. पक्की, गर्द हिरवी पानं देठासकट तोडायची, तासभर पाण्यात ठेवायची, पुसून मग ओवायची.

आता झेंडू. तुम्हाला एक गंमत सांगते. आपल्याला वाटतं, झेंडू म्हणजे आपल्या देवाधर्माचं जुनं फूल. मूळचा तो मेक्सिकोकडचा आहे. तिकडं मृतांच्या सणाला त्याच फुलांच्या वाटा घालतात. युरोपातली माणसं समुद्रमार्गे इकडं यायला लागली, त्यानंतर तो आपल्याकडं रुजला. म्हणजे परंपरा बाहेरचं काही घेतच नाही, असं नाही. तिची अट एवढीच की ते मातीत उगवलं पाहिजे आणि मातीत गेलं पाहिजे. झेंडू दोन्ही करतो, प्लास्टिक दोन्ही करत नाही.

झेंडू सकाळी, दव उडून गेल्यावर तोडा. ओली फुलं कॅरिबॅगमध्ये कोंबली तर रात्रीत आतून काळी पडतात. टोपलीत किंवा ओलसर सुती फडक्यावर पसरून ठेवा. ओवताना सुई पाकळ्यांमधून आडवी घालू नका. खालच्या हिरव्या वाटीतून वर काढा, फूल लोंबत नाही.

आणि दोरा नायलॉनचा नको. सगळं तोरण कुजतं, दोरा तेवढा राहतो आणि गायीच्या पोटात जातो. आपल्याकडं कापसाच्या, ज्वारीच्या बांधाकडंनं अंबाडी लावायची रीत होती. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची. मग धाटं पाण्यात कुजवून वाख काढायचा आणि त्याची दोरी वळायची. आज वाख मिळाला नाही तर सुतळी घ्या, जाड सुती दोरा घ्या.

आता कणसांचं तोरण. बाजरी दसऱ्याच्या सुमाराला काढणीला येते, खरीप ज्वारीही साधारण त्याच वेळची. तोरणासाठी कणीस जरा आधी कापायचं. दाणा भरलेला हवा, पण कडक वाळलेला नको, नाहीतर टांगल्यावर दाणे झडतात. दांडा हातभर ठेवा. दहा-पंधरा कणसांची जुडी बांधून सावलीत, वारा लागेल अशी उलटी टांगा. उन्हात वाळवलं तर दांडा ठिसूळ होऊन मोडतो. आठ-दहा दिवसांनी दांडे थोडे ओले करून तिपेडी वेणी घाला आणि दाराच्या वर किंवा ओसरीच्या आढ्याला बांधा. पण पणतीपासून लांब बांधा. वाळलेलं कणीस आणि कापूस झटकन पेटतात.

या तोरणाला काढण्याचा दिवस नसतो, ते चिमण्याच काढतात. एकेक दाणा टिपत महिना-दोन महिन्यांत नुसता दांडा शिल्लक ठेवतात. सजावटही झाली आणि चिमण्यांचं जेवणही झालं.

मग हे तोरण कमी का झालं? शहराची हवा लागली म्हणून, असं आपण म्हणतो. मला त्याचं कारण रानात दिसतं. खरिपात ज्वारी-बाजरी मागं पडली, सोयाबीन आणि कापूस पुढं आले, धरणाच्या पाण्यावर ऊस आला. सोयाबीनचं तोरण होत नाही. वाळली की तिची शेंग तडकते आणि दाणे उडतात. पीक बदललं तसं दारही बदललं, आणि मोकळ्या जागेत प्लास्टिक शिरलं. याला उपाय एकच, बांधाला बाजरीच्या दोन ओळी. त्यासाठी वेगळं रान लागत नाही.

कापूस मात्र आपल्याकडं आहेच, आणि त्याचा सगळ्यात देखणा दागिना घरातच होतो. वस्त्रमाळ. भादव्यात लक्ष्म्या बसतात तेव्हा नवा कापूस फुटलेला नसतो. म्हणून मागच्या वेचणीतली चांगली पांढरी बोंडं बाजूला काढून गाठोड्यात जपायची. सरकी हातानं काढा, कापूस बोटांनी मोकळा करा, पिंजा. मग बोटांना किंचित दूध लावून पट्टी लांबवत न्यायची, ठरावीक अंतरावर पीळ द्यायचा. पिळाच्या मधला फुगा म्हणजे मणी. पिळावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं की माळ झाली. बाजारात चमकीची, कागदी वस्त्रं मिळतात, पण कापसाच्या मुलखात कागदाचं वस्त्र कशाला? शाळेतली मुलं अर्ध्या तासात ही माळ शिकतात.

दिवाळीत शेणाच्या गवळणी. ताजं शेण लगेच घेतलं तर वाळताना तडे जातात. त्याला एक दिवस पाणी सुटू द्या, मूठभर बारीक भुसा मळा, मग आकार द्या. अंगावर झेंडूच्या पाकळ्या, डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे. सण झाला की सगळं खतात.

एक गोष्ट मात्र हात आखडता घेऊन करायची, ती म्हणजे आपटा. दसऱ्याला फांद्याच्या फांद्या तोडून आणतात, आणि त्यात कांचनही आपटा म्हणून खपवतात. आपट्याचं पान लहान, जाड, खरबरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. सोनं म्हणून एक पान दिलं तरी भावना पोचते. फांदी तोडण्यापेक्षा शेंगेतलं बी आणून रुजवा.

आता शेवटचा प्रश्न, सण झाल्यावर काय? झेंडू वाळवा. पाकळीच्या बुडाशी काळी, काडीसारखी बी असते, ती पुढच्या पावसाळ्यात टाका. संकरित वाणाची फुलं पहिल्यासारखी येतीलच असं नाही, पण दाराला पुरतील. पानं आणि कापूस खतात जातात. सिंदफणेत किंवा विहिरीत निर्माल्य टाकू नका, पाण्यात ते कुजून पाणीच नासतं. झाडाच्या बुडाशी खड्डा करून पुरा.

ही रीत टिकावी असं मला आणखी एका कारणानं वाटतं. आपल्या जिल्ह्यातून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कित्येक घरांचा गावातला वर्षातला शेवटचा मोठा सण म्हणजे दसरा, पुढचे सण कोपीत. त्या कोपीवर विकतचं काही लावायची ऐपत असेल-नसेल. पण तीन वाढ्यांची वेणी घालून दाराला बांधायला पैसे लागत नाहीत. ज्या पोराला ती वेणी घालता येते, त्याचा सण कुठंही होतो. म्हणून यंदा तोरण विकत आणायच्या आधी घरातल्या एका मुलाला जवळ बसवा, हातात सुई द्या आणि झेंडू ओवायला शिकवा.