महारेराचा क्रमांक, तीन सह्या आणि ताब्यानंतरची पाच वर्षे

जाहिरातीत महारेराचा, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक छापलेला असला म्हणजे इमारतीच्या दर्जाची हमी शासनानेच घेतली, असा समज महाराष्ट्रातील अनेक गृहखरेदीदारांत आढळतो. २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमात, म्हणजेच ‘रेरा’त, अशी हमी कोठेही नाही. नोंदणी करताना विकासक जमिनीवरील आपला हक्क, मंजूर नकाशे आणि काम पूर्ण करण्याची तारीख जाहीर करतो व त्या जाहीर माहितीला कायद्याने बांधला जातो. ती माहिती वाचण्याचे कष्ट मात्र खरेदीदारालाच घ्यावे लागतात.

वास्तुविशारद आणि अभियंता यांची जबाबदारी नकाशा व आकडेमोडीपाशी संपते, हा गैरसमज अधिक घातक आहे, कारण तो कधीकधी त्या व्यावसायिकांच्याही मनात असतो. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते आणि ती केवळ जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठी, तीही पूर्ण झालेल्या कामाच्या प्रमाणातच, काढता येते. ते प्रमाण वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल या तिघांनी प्रमाणित करावयाचे असते. म्हणजे न झालेले काम झाले असे लिहून दिल्यास, ज्या पैशातून पुढचे मजले उभे राहायचे तो पैसा खात्यातून आधीच निघून जातो. एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीचे रक्षण या तीन सह्यांवर अवलंबून असते, आणि म्हणूनच त्यांना उपचार मानणे अक्षम्य आहे.

ताबा घेतला की तक्रारीचा हक्क संपतो, हेही खरे नाही. कलम १४(३) नुसार ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील, म्हणजे स्तंभ, तुळया, स्लॅब यांतील दोष, किंवा कारागिरी व दर्जा यांतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो, अन्यथा खरेदीदार भरपाईस पात्र ठरतो. मुदत ताब्यापासून मोजली जात असल्याने पहिल्याच पावसाळ्यात भिंतीत उतरलेली ओल तोंडी सांगून न थांबता तारखेसह, छायाचित्रांसह लेखी कळवणे आणि त्याची पोच जपून ठेवणे आवश्यक असते. मात्र खरेदीदाराने स्वतःच अंतर्गत सजावटीसाठी तुळई वा स्तंभ फोडला असेल, तर दोषाचे मूळ कोणाकडे, हा वाद उभा राहतो आणि दाव्याची बाजू लंगडी पडते.