परतीचा दिवस आईच्या पावलांनी

परदेशवारीची वर्णने पुष्कळ छापून येतात. कोणते पूल पाहिले, कोणत्या बागा पाहिल्या, काय खाल्ले, काय आणले, हे सारे सविस्तर असते. पण परतीच्या प्रवासाविषयी बहुधा एकच वाक्य वाचायला मिळते: "आणि आम्ही सुखरूप मायदेशी पोहोचलो." या एका वाक्याच्या पोटात एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र असते. घरात वयस्कर माणूस असेल, साखरेचा किंवा रक्तदाबाचा विकार असेल, तर साऱ्या सहलीत हाच दिवस सर्वांत कठीण जातो. आज आपल्या समाजातील अनेकांची मुलेमुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी आहेत आणि ती मोठ्या हौसेने आईवडिलांना बोलावून घेतात. म्हणून या दिवसाविषयी सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले.

आमची धाकटी बहीण व मेहुणे नोकरीनिमित्त लंडनच्या हाउन्स्लो भागात राहतात. गेल्या जूनमध्ये आम्ही, सौ. आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई, असे तिघे नागपूरहून त्यांच्याकडे तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. आईला मधुमेह आहे. सकाळी आणि रात्री, जेवणापूर्वी, ती इन्सुलिनची सुई घेते. परतीची तिकिटे काढताना मेहुण्यांनी दोन पर्याय दाखवले. दोन्हींत लंडन ते दोहा, दोहा ते मुंबई आणि मुंबई ते नागपूर अशीच तीन विमाने होती. एकात मुंबईला दोन तासांची सवड होती, दुसऱ्यात सहा तासांची. पहिल्याने चार तास आधी घरी पोहोचता आले असते. आम्ही दुसरा घेतला, कारण आईला जिना चढायला किती वेळ लागतो हे आम्हांस ठाऊक होते.

कोणत्या घड्याळाने?

हाउन्स्लोचे घर सोडले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि नागपूरच्या घराचे कुलूप उघडले तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सायंकाळचे पाच. घड्याळाच्या हिशेबाने हे ३१ तास होतात, पण प्रत्यक्षात प्रवास साडेसव्वीस तासांचा झाला. उन्हाळ्यात भारताची वेळ ब्रिटनच्या साडेचार तास पुढे असते, हिवाळ्यात साडेपाच तास. पूर्वेकडे येताना तेवढा दिवस आखूड होतो. साध्या प्रवाशाला याची फक्त झोपेपुरती अडचण होते. सुई घेणाऱ्याला मात्र एकच नेमका प्रश्न पडतो: रात्रीची सुई कोणत्या रात्री घ्यायची?

आईने तीन आठवडे आपल्या मनगटावरचे घड्याळ नागपूरच्याच वेळेवर ठेवले होते. "आता आपल्या गल्लीत दूधवाला आला असेल," असे ती लंडनच्या मध्यरात्री सांगायची. तिकडे रोजची सुई सूनबाई घड्याळ पाहून देत असे, त्यामुळे अडचण आली नाही. परतीच्या दिवसासाठी आमच्या डॉक्टरांनी निघण्यापूर्वीच एक कागद लिहून दिला होता. त्यावर दोनच ओळी होत्या. मागच्या सुईपासून दहा तास मोजा, आणि जेवणाचे ताट समोर आल्याशिवाय पुढची सुई घेऊ नका. हे वेळापत्रक आईपुरते आहे. इन्सुलिनचे प्रकार निरनिराळे असतात, म्हणून प्रत्येकाने प्रवासाची वेळ दाखवून आपल्या डॉक्टरांकडून असा कागद लिहून घ्यावा.

त्या कागदाची किंमत लंडनलाच कळली. दुपारी तीनचे विमान. आम्ही आत बसलो, पट्टे बांधले आणि आभाळ भरून आले. विजा व पावसामुळे विमान सव्वा तास जागेवरच उभे राहिले. बाहेर लख्ख विजा चमकत होत्या आणि आईचे लक्ष मात्र मनगटाकडे.

"नऊ वाजून गेले. माझी सुई काढ."

"आई, इथे अजून पाचही वाजले नाहीत. सकाळच्या सुईला नऊ तासही झाले नाहीत."

"माझ्या घड्याळात नऊ वाजले. मी काय खोटं बोलते?"

घड्याळ खोटे नव्हतेच. पण त्या वेळी सुई दिली असती तर आधीच्या सुईचा अंमल उतरलेला नव्हता आणि जेवण कधी येईल ते कोणालाच सांगता येत नव्हते. सुई घेऊन पोट रिकामे राहिले तर साखर एकाएकी उतरते, दरदरून घाम सुटतो, भान हरपते. तीस हजार फुटांवर तसे होणे आम्हांस परवडणारे नव्हते. सूनबाईने साखर मोजली. १३२ होती. आईला दोन बिस्किटे आणि पाणी दिले. लंडनच्या वेळेने सहा वाजता ताट समोर आले, बरोबर दहा तास झाले, तेव्हा सुई दिली. आईच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. "दीड तास उपाशी ठेवलं मला," असे म्हणत तिने भात मात्र सगळा संपवला.

इन्सुलिन, साखर मोजण्याचे यंत्र, नेहमीच्या गोळ्या आणि डॉक्टरांचे पत्र, हे सारे हातातल्या पिशवीत असावे. विमानाच्या पोटातील सामानाच्या जागी थंडी फार पडू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. शिवाय पेटी मागे राहिली तर औषधही मागे राहते. मोबाइलची पॉवर बँकही हातातल्याच सामानात ठेवावी लागते, मोठ्या पेटीत ती चालत नाही.

कळसूबाईहून उंच

विमानात बसल्यावर पाय का सुजतात, घसा का कोरडा पडतो, असे आईने विचारले. प्रवासी विमानाच्या आत हवेचा दाब राखलेला असतो, पण तो जमिनीवरचा नसतो. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे आपण कित्येक तास कळसूबाईहून उंच जागी बसून असतो. तिथली हवाही अतिशय कोरडी असते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. अनेक बायका शौचालयाला जावे लागेल या संकोचाने पाणीच पीत नाहीत. आपल्या आईबहिणींची ही जुनी सवय आहे, पण विमानात ती घातक ठरते.

एका जागी फार वेळ बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चार तासांहून अधिक प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो असे आढळले. मुळात तो लहान आहे, निरोगी माणसांत सहा हजारांत एक. तरीही उपाय इतका सोपा आहे की टाळण्यात अर्थ नाही. बसल्या बसल्या घोटे फिरवावेत, पंजे वरखाली करावेत, तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे त्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे.

दोहा: रात्री एक वाजता

उशीर झाल्याने आम्ही दोह्याला स्थानिक वेळेने रात्री एक वाजता उतरलो. पुढचे विमान सव्वादोनचे. २०१४ मध्ये सुरू झालेला तो हमद विमानतळ अफाट आहे. मधोमध सुमारे सात मीटर उंचीचे पिवळे अस्वल बसलेले आहे, डोक्यात दिवा खुपसलेले. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. आम्ही त्याच्यासमोरून पळत गेलो. आई मात्र पळत नव्हती, ती चाकाच्या खुर्चीत बसून चालली होती आणि अस्वलाकडे मान वळवून पाहत होती. ही खुर्ची आम्ही तिकिटाबरोबरच मागून ठेवली होती. किमान दोन दिवस आधी तरी ती मागावी. आईने आधी फार विरोध केला, "मी काय लंगडी आहे का?" असे विचारले. पण त्या रात्री खुर्ची ढकलणारा नेपाळी तरुण वाटा जाणणारा होता, म्हणूनच तपासणी आटोपून आम्ही वेळेत दारापाशी पोहोचलो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मधल्या विमानतळावर सामानाची तपासणी पुन्हा होते आणि पातळ पदार्थांचे नियम निघालेल्या विमानतळासारखेच असतील असे नाही.

मुंबईच्या विमानाच्या दारापाशी निराळीच गर्दी होती. आमच्यासारखे सहलीहून परतणारे थोडे, बाकी सारे कामगार. कोणाच्या पाठीवर पिशवी, कोणाच्या हाती दोरीने बांधलेला डबा. आईच्या शेजारी बीड जिल्ह्यातील एक गवंडी बसला होता. मराठी ऐकून तो सरकून जवळ आला. दोन वर्षे दोन महिन्यांनी घरी चालला होता. जाताना सहा महिन्यांची असलेली मुलगी आता बोलू लागली होती. "फोनवर बाबा म्हणते मावशी, पण समोर ओळखंल का?" असे त्याने विचारले. आईने हातातला बिस्किटांचा पुडा त्याच्या पिशवीत टाकला.

घरी परतणे ही सर्वांसाठी सोपी गोष्ट नसते. कतारमध्ये परदेशी कामगाराला देश सोडण्यासाठी मालकाची परवानगी लागत असे. २०१८ च्या कायद्याने बहुसंख्य कामगारांची ही अट गेली आणि २०२० मध्ये घरकाम करणाऱ्यांनाही ती सूट मिळाली. आमचा परतीचा दिवस साडेसव्वीस तासांचा होता. त्या गवंड्याचा दोन वर्षांचा होता.

मुंबईचे सहा तास

सकाळी सव्वाआठला मुंबई. पुढचे विमान देशातले असले तरी आमच्या पेट्या थेट नागपूरला गेल्या नाहीत. पासपोर्टची तपासणी, मग पट्ट्यावरून पेट्या उचलणे, मग सीमाशुल्क, मग त्याच पेट्या देशांतर्गत प्रवासासाठी पुन्हा जमा करणे. तेवढ्यात दोन तास गेले. दोन तासांचाच पर्याय घेतला असता तर नागपूरचे विमान डोळ्यांदेखत उडाले असते. उरलेल्या वेळात आई तीन खुर्च्यांवर आडवी होऊन गाढ झोपली. सूनबाईने तिच्या पायांवर शाल टाकली.

पट्ट्यावर पेटी आलीच नाही, किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच लेखी तक्रार करून तिची प्रत घ्यावी. माँट्रियल करारानुसार, ज्यात भारत २००९ मध्ये सामील झाला, आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार पेटी मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत करावी लागते. पेटीचा फोटो आणि सामानाची चिठ्ठी जपून ठेवावी.

सामानाचा विषय निघाला की १९१७ साल आठवते. निघण्यापूर्वी आम्ही लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर पाहून आलो होतो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते आणि २०१५ पासून तिथे त्यांचे स्मारक आहे. त्याआधी, ऑगस्ट १९१७ मध्ये, शिक्षण अर्धवट सोडून ते लंडनहून मुंबईला परतले, तेव्हा त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीवर होती. महायुद्धात ती बोट बुडवली गेली. जमवलेला ग्रंथसंग्रह समुद्रात गेला. आणि पुढे नोकरीसाठी बडोद्याला उतरल्यावर पहिला प्रश्न पडला तो हा, की राहायचे कुठे? पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आम्ही स्मारकातून घेतलेली दोन पुस्तके मोठ्या पेटीत न टाकता हातातल्या पिशवीत, इन्सुलिनच्या डब्याशेजारी ठेवली होती.

दुपारी चारला नागपूर. विमान उतरताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर आपले स्वागत आहे, अशी घोषणा झाली. आईने ती ऐकली आणि काही न बोलता पदर सावरला. बाहेर पुतण्या गाडी घेऊन उभा होता. आम्ही आणि सौ. दोन दिवस भलत्या वेळी जागत होतो. आईचे घड्याळ आधीच नागपूरचे होते, तिला जुळवावे लागले नाही. तरी सकाळचे ऊन अंगावर घेतले आणि दुपारची झोप आवरली की शरीर लवकर रुळावर येते, हे सर्वांनाच लागू आहे.

वाचकहो, मुलांनी बोलावले तर अवश्य जा. आपल्या आधीच्या पिढीने ज्या देशांची नावे केवळ ऐकली ते डोळ्यांनी पाहून या. मात्र परतीचे तिकीट काढताना सर्वांत स्वस्त कोणते, सर्वांत लवकर कोणते, एवढेच पाहू नका. बरोबरच्यांपैकी सर्वांत हळू कोण चालते ते पाहा आणि त्या माणसाच्या पावलांनी सारा दिवस आखा. चार तास उशिरा पोहोचलो म्हणून घर कुठे जात नाही.