बादलीभर पाणी चढवायचं की तापवायचं?

पनवेलजवळच्या सुकापुरातल्या कुठल्याही सोसायटीत सकाळी पाण्याची मोटर सुरू होते आणि खालच्या टाकीतलं पाणी चार मजले चढून गच्चीवर जातं. मोटरनं घेतलेली वीज थोडी घर्षणात, उष्णतेत जाते. उरलेली त्या पाण्यातच असते. उंचीमुळे साठलेल्या या ऊर्जेला शाळेत आपण स्थितिज ऊर्जा म्हणायला शिकलो. नळ सोडला की तीच धावत्या पाण्याची गतिज ऊर्जा होते.

नेमकं हेच आपल्या शेजारी, खोपोलीत, १९१५ पासून चालू आहे. मावळातला धो धो पाऊस लोणावळ्याजवळ वळवण, शिरवटा इथल्या धरणांत अडवायचा आणि जाड नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, घाटाच्या पायथ्याशी आणायचा. तिथे पाण्याच्या माऱ्यानं चाक फिरतं, चाकाबरोबर जनित्र फिरतं. टाटांच्या या केंद्रातली वीज तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांना जायची. वीज देऊन झालेलं पाणी पाताळगंगेत उतरतं.

आता थोडा हिशोब करू. वाया काहीच गेलं नाही असं धरलं, तरी एक युनिट विजेसाठी ७३५ लिटर पाणी एवढा घाट उतरावं लागतं. तेच पाणी नळांऐवजी कड्यावरून नुसतं कोसळलं असतं, तर त्याची सगळी ऊर्जा उष्णतेत जाऊनही ते जेमतेम सव्वा अंशानं तापलं असतं. पाचशे मीटरची पडझड आणि सव्वा अंश! काम आणि उष्णता ही एकाच ऊर्जेची रूपं आहेत, हे जेम्स ज्यूल या इंग्रज संशोधकानं १८४०च्या दशकात पाणी घुसळून, थर्मामीटर लावून दाखवलं. ऊर्जेच्या एककाला नाव त्याचंच आहे.

आणि आता आपल्या न्हाणीघरातली बादली. पंधरा लिटर पाणी चार मजले चढवायला जेमतेम पावणेदोन हजार ज्यूल लागतात. तेच पाणी २० अंशांनी तापवायला साडेबारा लाख. सातशेपट! खोपोलीच्या भाषेत, एका माणसाच्या आंघोळीसाठी अडीचशे लिटर पाणी घाट उतरलं.

शिवाय आपली बरीचशी वीज अजून कोळशाचीच. कोळशातल्या रासायनिक ऊर्जेची आधी उष्णता होते, आणि तिच्यातली साधारण एक-तृतीयांशच वीज बनून बाहेर पडते. इतक्या कष्टानं मिळवलेली वीज गिझरमध्ये घालून आपण तिची पुन्हा उष्णताच करतो. मला हा व्यवहार तोट्याचा वाटतो, कारण गच्चीवर ऊन आयतं पडलेलं असतं. सौर बंबात त्या उन्हाची थेट उष्णता होते, मध्ये वीज लागतच नाही. पावसाळ्याचे ढगाळ महिने सोडले, तर पनवेलला उन्हाची ददात नाही.

सोसायटीच्या पुढच्या सभेत गच्चीवर सौर बंब बसवायचा विषय निघाला, तर पहिला हात तुमचा असू द्या.