गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी

मोटार दुरुस्तीच्या धंद्यावर आपल्या समाजातील अनेक कारागिरांची रोजी चालते. गिऱ्हाईक ‘गिअर पडत नाही’ म्हणाले की काही जण थेट गिअरबॉक्स उतरवतात. ही घाई बरी नव्हे. पुष्कळदा दोष क्लचमध्ये असतो.

प्रथम इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर सहज पडणारे गिअर चालू इंजिनावर अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. अशा वेळी पेडलचा फ्री प्ले व क्लच वायर तपासावी. हायड्रॉलिक क्लच असल्यास तेलाची पातळी व सिलिंडरची गळती पाहावी. बंद इंजिनावरही गिअर अडत असतील, तर आधी लिव्हरची जोडणी पाहावी.

एकाच गिअरला खरखर होत असेल, तर त्याची सिंक्रो रिंग झिजल्याचा संभव असतो. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, याचा अर्थ क्लच घसरतो; प्लेट झिजलेली किंवा तेलकट झालेली असते. न्यूट्रलमध्ये पेडल दाबताच आवाज येऊ लागला तर रिलीज बेअरिंग तपासावे. उलट दाबल्यावर आवाज थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा.

गाडी ही गिऱ्हाईकाची अमानत आहे. वायर जुळवून काम भागत असेल, तर तेवढेच करावे व तेवढ्याचेच पैसे घ्यावेत. प्लेट बदलली, तर जुनी गिऱ्हाईकाच्या हातात द्यावी. कमाई हलाल राहते आणि गिऱ्हाईकही टिकते.