मोटारीच्या छताचे अस्तर

मोटारीच्या छताचे कापड सुटून बसणाराच्या डोक्याला लागू लागले, म्हणजे गृहस्थाला प्रथम सुचतात त्या चार टाचण्या आणि थोडा डिंक. हा उपाय फार दिवस टिकत नाही; कारण मूळ दोष कापडात नसतोच.

अलीकडच्या बहुतेक मोटारींत हे अस्तर तीन थरांचे असते. वर साच्यात घडविलेला ताठ पुठ्ठा, मध्ये पॉलियुरेथेन फोमचा पातळ थर आणि खाली दिसणारे कापड. ऊन व दमट हवा यांमुळे मधला फोम कालांतराने विरतो व त्याचा भुगा होतो. भुग्यावर लावलेला डिंक धरणार तरी कशाला? तेव्हा पुठ्ठा बाहेर काढून तो स्वच्छ करणे, हाच खरा उपाय होय.

मात्र ज्या मोटारीच्या छताच्या कडेला एअरबॅग बसविलेल्या असतात, तिचे अस्तर घरी काढण्याच्या भरीस पडू नये. ते काम जाणत्या कारागिराचे आहे. इतर मोटारींत आधी बॅटरीची ऋण तार सोडावी. मग दिवा, उन्हाच्या झडपा, हाताच्या मुठी, खांबांवरील आच्छादने आणि दारांच्या वरच्या कडेचे रबर क्रमाने काढावे. स्क्रू पुष्कळदा लहानशा झाकणांखाली दडलेले असतात. एखादा भाग सुटत नसेल, तर कोठे तरी स्क्रू राहिला आहे असे समजावे. हिसका देऊ नये. पुठ्ठ्याला चिकटलेल्या ताराही आधी मोकळ्या कराव्यात.

शेवटचा स्क्रू निघताना दुसऱ्या माणसाने पुठ्ठा खालून तोलून धरावा. आसने मागे पाडून तो शक्यतो मागच्या दाराने सपाट बाहेर आणावा. तो एकदा दुमडला, की पडलेली घडी नव्या कापडातूनही दिसते. नंतर नाकातोंडावर फडके व डोळ्यांवर चष्मा लावून भुगा मऊ ब्रशाने झाडावा.

फोक्सवागन बीटलसारख्या जुन्या मोटारींत पुठ्ठा नसतो. तेथे कापड पोलादी कमानींवर ताणलेले असते. प्रत्येक कमानीवर काढतानाच क्रमांक घालावा, कारण त्यांची लांबी सारखी नसते.

काढलेल्या वस्तू क्रमवार मांडून ठेवणाऱ्यास जोडणीची चिंता उरत नाही. शेवटी निघालेली वस्तू प्रथम बसवावी, एवढेच त्याला लक्षात ठेवावे लागते.