विष द्यायचं ते डासाला

इचोडा हे आदिलाबाद जिल्ह्यातलं, हैदराबाद-नागपूर महामार्गावरचं गाव. भोवती डोंगर, ओढे, गोंड-कोलामांचे गुडे आणि कपाशीची रानं. अ‍ॅनोफिलिस या हिवताप पसरवणाऱ्या डासाला जे हवं ते सगळं इथं आहे, त्यामुळे विंचवाच्या आणि कोळ्याच्या विषात हिवतापावर इलाज सापडतोय म्हटल्यावर इथले कान टवकारले जाणारच. ही बातमी खोटी नाही. मात्र पुरावे नीट पाहिले तर या विषांचा उपयोग रुग्णाच्या अंगात होण्यापेक्षा डासाच्या अंगात होण्याची शक्यता कितीतरी जास्त दिसते.

आधी औषधाची बाजू पाहू. त्रिनिदादमधल्या एका टॅरांट्युला कोळ्याच्या विषातल्या दोन छोट्या प्रथिनांनी फॅल्सिपॅरम या घातक परजीवीची वाढ रोखली आणि तांबड्या पेशींना धक्का लावला नाही, हे २००४ साली प्रसिद्ध झालं. सापांच्या विषातल्या फॉस्फोलायपेज या एन्झाइमनेही परजीवी मरतो, पण आडमार्गाने: ते रक्तद्रवातली चरबी तोडतं आणि त्यातून सुटणारी मेदाम्लं परजीवीला मारतात. हे सगळं प्रयोगशाळेत घडलं. गुड्यातल्या तापाने फणफणलेल्या पोराला लागते ती आशाताईने हातावर ठेवावी अशी स्वस्त गोळी, आणि प्रथिन तर पोटात गेलं की डाळीसारखंच पचून जातं. यावर कोणी म्हणेल की ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषातून रक्तदाबाची कॅप्टोप्रिल निघालीच ना? निघाली, पण त्या गोळीत विष नाही. विषाचा रेणू कुठे कसा बसतो ते पाहून रसायनशास्त्रज्ञांनी घडवलेला तो वेगळा, लहान रेणू आहे. हिवतापातही तसं होईल कदाचित; ते काम मात्र लांब पल्ल्याचं आहे. तोवर विंचवाचं विष रुग्णाला देण्याच्या फंदात कुणी पडू नये, हे वेगळं सांगायला नको.

डासाच्या बाबतीत ही अडचणच उरत नाही. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत हिवतापाचा परजीवी सापडला तो डासाच्या पोटाच्या भिंतीत. तिथून लाळेपर्यंत जायला त्याला बरेच दिवस लागतात, आणि तेवढी मुदत आपल्याला मिळते. त्या मुदतीत विष डासापर्यंत पोहोचवायचं कसं, तर बुरशीच्या मार्फत. मेटारायझियम ही बुरशी आपल्याकडचे शेतकरी हुमणीसाठी वापरतातच. तिच्यात आफ्रिकेतल्या एम्परर विंचवाच्या विषातल्या स्कॉर्पिन या प्रथिनाचं जनुक घातलं. त्याला आणखी एक परजीवीरोधी तुकडा जोडल्यावर डासाच्या लाळग्रंथीतले परजीवी ९८ टक्क्यांनी घटले, असं २०११ मध्ये दिसलं. पुढे बुर्किना फासोतल्या सुमुसो गावी, जाळीने बंद केलेल्या घरांत, ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेब कोळ्याचं विष बनवणारी बुरशी तिळाच्या तेलात कालवून काळ्या सुती चादरींना लावली. त्या घरांमधले डास कीटकनाशकांना न जुमानणारे होते. २०१९ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, दीड हजार डास सोडल्यावर ४५ दिवसांनी बुरशी नसलेल्या घरात १,३९६ डास होते, साध्या बुरशीच्या घरात ४५५, आणि विषवाल्या बुरशीच्या घरात फक्त १३. आपल्याकडच्या खेड्यांत हिवताप पसरवणारा क्युलिसिफेसीस डास घरात आणि गुरांच्या गोठ्यात विसावतो. अशी चादर टांगायला गोठ्याहून सोयीची जागा नाही.

जनुक बदललेली बुरशी मोकळ्यावर सोडायची का, ही धास्ती रास्त आहे. हे विष फक्त किड्याच्या रक्तात शिरल्यावर तयार होतं आणि बुरशीचे बीजाणू उन्हात टिकत नाहीत, एवढ्याने काळजी थोडी कमी होते, संपत नाही. आदिलाबादच्या कापूस उत्पादकाला त्याहून जवळचा आक्षेप सुचेल: बीटी कपाशीत विष होतंच, तरी गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. डासही उरेल का? उरू शकतो. म्हणूनच एकट्या विषावर विसंबणं चूक ठरेल. बुरशी, मच्छरदाणी, फवारणी आणि रक्ततपासणी यांची सांगड घालावी लागेल. शिवाय बुर्किना फासोतली चाचणी कोलुझी या डासावर झाली, आणि तो भारतात नाही. इचोड्यासारख्या भागात प्रयोग करायचा झाल्यास आधी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची मंजुरी लागेल, आणि मग जाळीच्या बंद घरात, क्युलिसिफेसीसवरच, पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.